नगरपरिषदेची जागा विक्रीला निघते तेव्हा : विषयपत्रिकेपासून खरेदीखतापर्यंत काय तपासावे

नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर जागाविक्रीचा विषय ‘जागा विकणे’ अशा सरळ शब्दांत क्वचितच येतो. ‘नगर भूमापन क्रमांक अमुक या नगरपरिषद मालकीच्या मिळकतीबाबत विचारविनिमय करून निर्णय घेणे’ अशी त्याची शब्दरचना असते. त्याच्या वर जंतुनाशक पावडर खरेदीचा विषय असतो आणि खाली पथदिव्यांच्या देखभालीच्या ठेक्याला मुदतवाढ देण्याचा. मी एका ‘ब’ वर्ग नगरपरिषदेच्या सभा विभागात बरीच वर्षे काम केले. तिथे एकतीस विषयांच्या एका सभेत तेविसावा विषय असाच आला, सूचक-अनुमोदकांची नावे वाचली गेली, ‘सर्वानुमते मंजूर’ असे लिहिले गेले आणि पुढचा विषय सुरू झाला. दोन मिनिटेही लागली नसतील. ती जागा म्हणजे गावाचा जुना बैलबाजार होता, हे प्रेक्षकांत बसलेल्या लोकांना पुढे वर्षभराने पत्र्याचे कुंपण पडले तेव्हा कळले.

त्या लोकांनी नंतर केलेली धावपळ मी जवळून पाहिली आणि तिच्यातूनच हा लेख लिहावासा वाटला. नगरपरिषदेची जागा हस्तांतरित होण्याच्या प्रत्येक टप्प्यावर एक कागद तयार होतो, आणि तो कागद पुढच्या टेबलावर जाईपर्यंतच नागरिकाच्या हरकतीला खरी किंमत असते. खरेदीखत नोंदले गेल्यानंतर बहुधा न्यायालयाचाच रस्ता उरतो, आणि तो लांबचा व खर्चाचा आहे. म्हणून कोणता कागद कधी तयार होतो, तो कोणाकडे असतो आणि त्यात काय वाचायचे, हे आधीच माहीत असले पाहिजे. नव्याने निवडून आलेल्या नगरसेवकांनाही ही माहिती तितकीच उपयोगी पडेल, कारण पहिल्या दोन-तीन सभांत हाती पडणाऱ्या जाड विषयपत्रिकेतून नेमके काय वेगळे काढायचे, हे त्यांना कोणी शिकवत नाही.

कायदा कोणता, हे प्रथम स्पष्ट करून घ्यावे. नगरपरिषदा आणि नगरपंचायतींना ‘महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५’ लागू होतो आणि त्यातील कलम ९२ मालमत्तेच्या हस्तांतरणाविषयी आहे. या कलमाखाली स्थावर मालमत्तेच्या हस्तांतरणाचे १९८३ चे स्वतंत्र नियमही आहेत. महानगरपालिकांसाठी १९४९ चा अधिनियम आणि त्याचे कलम ७९ पाहावे लागते, तर मुंबईसाठी १८८८ चा वेगळा अधिनियम आहे. महानगरपालिकेत आयुक्त, स्थायी समिती आणि महासभा अशी अधिकारांची उतरंड असल्यामुळे तिथली कार्यपद्धती निराळी आहे. या लेखात मी नगरपरिषदेपुरतेच लिहीत आहे.

कलम ९२ चा गाभा दोन वाक्यांत सांगता येतो. राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय नगरपरिषदेला आपली स्थावर मालमत्ता हस्तांतरित करता येत नाही. आणि मंजुरीच्या प्रस्तावासोबत नगरपरिषदेचा जो ठराव जोडायचा, तो एकूण सदस्यसंख्येच्या किमान दोन-तृतीयांश बहुमताने संमत झालेला असावा लागतो. ‘एकूण’ हा शब्द अधोरेखित करून ठेवावा. सभेला हजर असलेल्यांच्या दोन-तृतीयांश मतांनी हा निकष पूर्ण होत नाही. एकूण संख्या २४ असेल आणि सभेला १५ जण उपस्थित असतील, तर त्या पंधराही जणांनी हात वर केले तरी तो ठराव कलम ९२ च्या कामाचा नाही. तिथे १६ मते लागतात. नामनिर्देशित, म्हणजे ज्यांना आपण ‘स्वीकृत’ म्हणतो त्या सदस्यांना राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३-द (इंग्रजीत 243R) नुसार मतदानाचा अधिकार नाही, त्यामुळे त्यांची नावे पाठिंब्याच्या यादीत मोजली आहेत का, हेही पाहावे.

विषयपत्रिका हाती घेणे

सर्वसाधारण सभेची नोटीस सात पूर्ण दिवस आधी आणि विशेष सभेची तीन पूर्ण दिवस आधी काढावी लागते. नोटीस आणि विषयपत्रिका नगरसेवकांना पोहोचवली जाते व कार्यालयाच्या सूचनाफलकावर लावली जाते. आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाकडे ती मागण्यात संकोच करू नये, आणि विषयपत्रिकेबरोबरच त्या विषयाची कार्यालयीन टिप्पणीही मागावी. विषयपत्रिकेत एक ओळ असते; जागेचे क्षेत्रफळ, ती कोणाला हवी आहे, कोणत्या अर्जावरून विषय निघाला आणि मुख्याधिकाऱ्यांचा अभिप्राय काय, हे सारे टिप्पणीत असते. टिप्पणी न जोडता आलेला जागेचा विषय दिसला, तर नगरसेवकाने तो तहकूब ठेवून टिप्पणीसह पुढील सभेत आणण्याची मागणी करावी आणि ती मागणी इतिवृत्तात नोंदवून घ्यावी.

शब्दांकडे बारकाईने पाहावे. ‘हस्तांतरण’, ‘अदलाबदल’, ‘दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा’, ‘बांधा, वापरा व हस्तांतरित करा तत्त्वावर विकसित करणे’, ‘संस्थेस नाममात्र दराने जागा उपलब्ध करून देणे’, ‘पडीक जागेचा विनियोग’ हे सगळे शब्द जागा हातची जाण्याकडे नेऊ शकतात. विषयपत्रिकेच्या शेवटी येणारी ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ ही ओळ विशेष जपून वाचावी. पाणीपुरवठ्याच्या फुटलेल्या वाहिनीचे तातडीचे काम आयत्या वेळी आले तर ते समजण्यासारखे आहे. गावाच्या मालकीची जमीन मात्र एका दुपारीत तातडीची होत नाही. असा विषय आयत्या वेळी आला, तर पूर्वसूचनेशिवाय तो घेतल्याची हरकत त्याच सभेत, तोंडी नव्हे तर लेखी, नोंदवावी.

प्रशासकाच्या काळातले ठराव हा वेगळा विषय आहे. राज्यातील बहुतेक नगरपरिषदांवर काही वर्षे प्रशासक होते आणि डिसेंबर २०२५ मधील निवडणुकांनंतर तिथे पुन्हा लोकनियुक्त सभागृह आले. त्या काळात सभागृहाचे अधिकारही प्रशासकाकडे असल्यामुळे ठराव एकाच स्वाक्षरीने झाले. त्यांना प्रशासकीय ठराव म्हणतात. शासनाच्या मंजुरीची अट तेव्हाही होतीच. आपल्या गावात त्या वर्षांत मालमत्तेविषयी कोणते प्रशासकीय ठराव झाले, याची यादी मागणे हे नव्या नगरसेवकाचे पहिल्या महिन्यातले काम असावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

जागा नगरपरिषदेकडे आली कुठून

सर्वांत जास्त वेळ या टप्प्यावर द्यावा, कारण अनेक प्रकरणांचा निकाल इथेच लागतो. नगरपरिषदेच्या नावावर जागा दिसते, एवढ्यावरून ती विकण्याचा पूर्ण हक्क नगरपरिषदेला आहे असे ठरत नाही.

प्रथम मिळकत पत्रिका काढावी. नगर भूमापन झालेल्या भागात मिळकत पत्रिका असते, बाकी भागात सातबारा. दोन्ही डिजिटल स्वाक्षरीसह ऑनलाइन मिळतात. मिळकत पत्रिकेवर क्षेत्रफळ, सत्ताप्रकार, मूळ धारकाचे नाव, इतर भार आणि त्याखाली तारखेवार फेरफाराच्या नोंदी असतात. आपण सगळे शेवटची नोंद वाचतो, पण इथे पहिली नोंद वाचायची असते. जागा नगरपरिषदेकडे कोणत्या आदेशाने, कोणत्या वर्षी आणि कोणत्या प्रयोजनासाठी आली, याचा धागा तिथे सापडतो.

जागा शासनाने दिलेली असेल, तर महसूल विभागाच्या मूळ आदेशाची प्रत मिळवावी. अशा आदेशांत प्रयोजन लिहिलेले असते : बाजारासाठी, खतडेपोसाठी, शाळेसाठी, कोंडवाड्यासाठी. प्रयोजन बदलल्यास वा जागेची गरज न उरल्यास ती शासनाकडे परत जाईल, अशी अटही बहुधा असते. अशी जमीन भोगवटादार वर्ग २ ची असल्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय तिचे हस्तांतरण होत नाही, आणि ही परवानगी कलम ९२ च्या मंजुरीहून वेगळी आहे. हद्दवाढीत आलेल्या गावांची गायरान जमीन असेल, तर २८ जानेवारी २०११ चा जगपाल सिंग खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणि त्यानंतर राज्य शासनाने १२ जुलै २०११ रोजी काढलेला निर्णय, हे दोन्ही संदर्भ हरकतीत घालावेत. सार्वजनिक वापराच्या जमिनी खासगी हातांत जाऊ देण्यावर त्या निकालाने कडक बंधन आणले.

जागा दानाची असेल, तर दानपत्र शोधावे. आपल्याकडच्या जुन्या नगरपालिकांकडे धर्मशाळा, वाचनालय, दवाखाना, घाट यांसाठी लोकांनी दिलेल्या कितीतरी जागा आहेत. दानपत्रातील मजकूर पुष्कळदा मोडीत असतो आणि त्याची प्रत दुय्यम निबंधक कार्यालयाच्या जुन्या खंडांत मिळते. एका दानपत्रात मी स्वतः ‘या जागेचा उपयोग वाटसरूंच्या उताऱ्याखेरीज अन्य कामी करू नये’ अशा अर्थाचा मजकूर वाचला आहे, आणि त्या एका ओळीने नगरपरिषदेचा पुढे सरकलेला प्रस्ताव मागे घ्यावा लागला होता. मोडी वाचणारे जाणकार जवळपास प्रत्येक जिल्ह्यात भेटतात. त्यांच्याकडून लिप्यंतर करून घेऊन ते मूळ प्रतीसोबत जोडावे.

तिसरा प्रकार मंजूर अभिन्यासातील (लेआउटमधील) खुल्या जागेचा. मोठ्या भूखंडाची पाडणी होते तेव्हा ठरावीक क्षेत्र, सध्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार दहा टक्के, खुले सोडावे लागते. ही जागा त्या वसाहतीत राहणाऱ्यांच्या वापरासाठी असते आणि नगरपरिषदेच्या नावावर लागली तरी तिचे स्वरूप बदलत नाही. तिला ‘शिल्लक भूखंड’ म्हटलेले कागदोपत्री आढळले, तर मंजूर अभिन्यासाचा नकाशा मागवून ती कोणत्या रंगात आणि कोणत्या नावाने दाखवली आहे ते पाहावे. उरला चौथा प्रकार, विकास योजनेतील आरक्षणासाठी संपादन केलेल्या जमिनीचा. ज्या प्रयोजनासाठी मूळ मालकाकडून जमीन घेतली, ते सोडून ती तिसऱ्याला विकण्याचा प्रस्ताव आला, तर संपादनाच्या निवाड्याची प्रत काढल्याशिवाय पुढे बोलू नये.

आरक्षण आणि मोजणी

नगररचना विभागातून झोन दाखला आणि विकास योजनेचा भाग नकाशा घ्यावा. जागेवर क्रीडांगण, उद्यान, बाजार वा रस्तारुंदीकरण दाखवलेले असेल, तर आरक्षण कायम ठेवून जागा विकणे हा घेणाऱ्याचाही आणि गावाचाही तोटा आहे. आरक्षण बदलायचे असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली फेरबदलाची स्वतंत्र कार्यवाही करावी लागते आणि तिच्यात हरकती-सूचना मागवाव्याच लागतात. ही हरकतीची दुसरी संधी आहे आणि ती अनेकांच्या हातून निसटते, कारण कलम ३७ ची नोटीस येते तेव्हा तिचा संबंध आपल्या बाजूच्या मोकळ्या जागेच्या विक्रीशी आहे, हे लक्षात येत नाही.

मोजणी विक्रीच्या ठरावाआधी झालेली असावी. भूमी अभिलेख कार्यालयाकडे शुल्क भरून नगरपरिषदेने मोजणी करून घ्यायची आणि हद्दी दाखवणारा नकाशा नस्तीत, म्हणजे त्या प्रकरणाच्या फाइलीत, लावायचा, असा क्रम आहे. आमच्याकडे एका जागेची मोजणी झाली तेव्हा भूकरमापकाने रोव्हर यंत्र लावून पूर्वेची खूण ठोकली, तर ती शेजारच्या मालकाच्या न्हाणीघराच्या भिंतीच्या आत चार फूट गेली. मिळकत पत्रिकेवर जागा ६०० चौरस मीटर होती, प्रत्यक्षात मोकळी होती ती ५७० च्या आतबाहेर. असे असताना ६०० चौरस मीटरची जाहिरात निघाली असती, तर घेणाऱ्याने कमी क्षेत्राच्या नावाखाली किमतीत सूट मागितली असती आणि शेजाऱ्याचे अतिक्रमण कागदावरून आपोआप पुसले गेले असते. म्हणून मिळकत पत्रिका, मोजणी नकाशा आणि ठराव या तिन्ही कागदांवरील क्षेत्रफळ एकमेकांशी ताडून पाहावे.

किंमत

विक्रीची किमान किंमत ठरवताना शीघ्र सिद्ध गणकाचा, म्हणजेच रेडी रेकनरचा दर लावून विषय संपवण्याची प्रवृत्ती असते. हे वार्षिक बाजारमूल्य दर तक्ते मुद्रांक शुल्क आकारणीसाठी तयार केलेले असतात. जागेचा बाजारातला खरा भाव त्यांच्याहून कमी-अधिक असू शकतो, आणि नगरपरिषदेच्या मोक्याच्या जागांचा भाव बहुतेक वेळा अधिकच असतो. त्यामुळे नगररचना व मूल्यनिर्धारण विभागाचा अहवाल नस्तीत आहे का आणि त्यात शेजारच्या प्रत्यक्ष विक्रीव्यवहारांचा आधार घेतला आहे का, ते पाहावे.

हे काम नागरिक स्वतःही करू शकतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये गाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक टाकून सूची क्रमांक २, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, पाहता येते. गेल्या तीन वर्षांत त्याच रस्त्यावर झालेल्या चार-पाच व्यवहारांचे क्षेत्रफळ आणि मोबदला लिहून काढावा, प्रत्येकाचा चौरस मीटरचा दर काढावा आणि त्यांची तुलना मूल्यांकनाशी करावी. ६०० चौरस मीटरच्या जागेला १२,००० रुपये दर लावला तर ७२ लाख रुपये होतात. रस्त्यालगतचे व्यवहार १५,००० रुपयांनी झालेले असतील तर तीच जागा ९० लाखांची ठरते. १८ लाखांचा हा फरक हरकतीच्या अर्जात सूचीच्या प्रतींसह मांडला, तर त्याकडे दुर्लक्ष करणे कोणत्याही अधिकाऱ्याला कठीण जाते. भावनिक मजकुराच्या तीन पानांपेक्षा असा एक तक्ता अधिक काम करतो, हे मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी अनुभवले आहे.

सभा आणि इतिवृत्त

ज्या नगरसेवकाचा, त्याच्या भागीदाराचा वा जवळच्यांचा त्या जागेत आर्थिक हितसंबंध आहे, त्याने त्या विषयाच्या चर्चेत आणि मतदानात भाग घेऊ नये. १९६५ च्या अधिनियमाच्या कलम ४४ मध्ये पदावर असतानाच्या अनर्हतेच्या तरतुदी आहेत आणि त्या मुळातून वाचाव्यात. विरोध असलेल्या सदस्याने केवळ सभात्याग करू नये. सभात्यागाची बातमी छापून येते, पण इतिवृत्तात विरोधी मत उमटत नाही. मतदानाची मागणी करावी, विरोधाची कारणे लेखी द्यावीत आणि ‘माझा विरोध नावानिशी नोंदवावा’ असे स्पष्ट म्हणावे.

यानंतर येते इतिवृत्त. सभेत जे बोलले गेले ते आणि इतिवृत्तात जे लिहिले गेले ते यांत अंतर पडू शकते. ‘तत्त्वतः मान्यता’ असे ठरलेले असताना ठरावाच्या मजकुरात ‘पुढील सर्व कार्यवाहीचे अधिकार मुख्याधिकारी यांना देण्यात येत आहेत’ अशी ओळ वाढलेली मी पाहिली आहे. मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे हा पुढच्या सभेचा पहिलाच विषय असतो आणि तो सगळ्यात वेगाने उरकला जातो. दुरुस्ती सुचवायची ती जागा हीच आहे. तिथे गप्प राहिलेल्या सदस्याच्या नंतरच्या तक्रारीला फारसे वजन राहत नाही.

ठरावानंतरची हरकत

ठराव झाला म्हणजे जागा गेली, असे समजून अनेक जण इथेच थांबतात. प्रत्यक्षात ठरावाची प्रत आणि प्रस्ताव जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नगरपालिका प्रशासन शाखेकडे जातो आणि तिथून मंजुरीसाठी वर नगरविकास विभागाकडे सरकतो. हा काळ सहसा काही महिन्यांचा असतो आणि हरकतीसाठी तो सर्वांत मोलाचा आहे. त्याच १९६५ च्या अधिनियमाच्या कलम ३०८ खाली नगरपरिषदेच्या ठरावाची अंमलबजावणी स्थगित करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. ठराव बेकायदेशीर असणे किंवा त्याने लोकांना इजा वा त्रास होण्याचा संभव असणे, ही त्याची कारणे होत. अर्ज लिहिताना ‘कलम ३०८ अन्वये ठराव क्रमांक अमुक, दिनांक अमुक, स्थगित करण्याबाबत’ असा विषय ठळक लिहावा, आणि एकेका मुद्द्यासोबत त्याचा पुरावा जोडावा : दोन-तृतीयांश मते नसणे, मूळ आदेशातील प्रयोजन, आरक्षण, मूल्यांकनातील तफावत. अर्जाच्या प्रती मुख्याधिकारी आणि नगरविकास विभाग यांनाही द्याव्यात आणि प्रत्येक प्रतीवर आवक शिक्का व तारीख घ्यावी. पुढे उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका करण्याची वेळ आलीच, तर वेळेत हरकत घेतल्याचा पुरावा हाच शिक्का असतो.

कागद मिळत नसतील, तर माहितीचा अधिकार वापरावा. महाराष्ट्रात अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, शुल्क १० रुपये आहे. ‘का विकली’, ‘कोणाच्या दबावाखाली विकली’ असे प्रश्न विचारू नयेत. या कायद्याखाली अभिलेख मिळतो, स्पष्टीकरण मिळत नाही. मजकूर असा ठेवावा :

‘नगर भूमापन क्रमांक … या मिळकतीच्या हस्तांतरणासंबंधी दिनांक … पासून आजपर्यंतचा पुढील अभिलेख द्यावा : सभेपुढे ठेवलेली कार्यालयीन टिप्पणी, ठरावाची आणि इतिवृत्तातील संबंधित पानांची साक्षांकित प्रत, मतदानाची नावनिशीवार नोंद, मोजणी नकाशा, मूल्यांकन अहवाल, जिल्हाधिकारी व शासन यांच्याशी झालेला पत्रव्यवहार. प्रती घेण्यापूर्वी संपूर्ण नस्तीचे अवलोकन करावयाचे असल्याने त्यासाठी दिनांक व वेळ कळवावी.’

शेवटचे वाक्य गाळू नये. नस्ती समोर ठेवून पाने उलटताना जे दिसते, ते मागितलेल्या प्रतींत दिसत नाही. टिप्पणीच्या समासात पेन्सिलीने लिहिलेला ‘कृपया चर्चा करावी’ हा शेरा, मध्येच तुटलेले पृष्ठक्रमांक, एकाच दिवशी पाच टेबलांवरून झालेल्या स्वाक्षऱ्या अशा गोष्टींवरून कुठे अधिक खणायचे ते समजते. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर पुढील तीस दिवसांत पहिले अपील करावे.

लिलाव

शासनाची मंजुरी मिळाल्यावर जागा जाहीर लिलावाने वा निविदेने जायला हवी. सार्वजनिक मालमत्ता जाहिरातीशिवाय, निकषांशिवाय कोणाला बहाल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मध्य प्रदेशातील एका भूखंडवाटपाच्या खटल्यात निःसंदिग्धपणे सांगितले आहे. अपवाद संभवतो तो दोन मिळकतींच्या मध्ये अडकलेल्या अरुंद पट्टीचा, जिचा उपयोग शेजाऱ्याखेरीज कोणालाच नाही. तिथेही बाजारभाव घेतला जावा आणि लिलाव का केला नाही याची कारणे लेखी असावीत.

जाहिरातीत जागेचा क्रमांक, मोजलेले क्षेत्रफळ, सरकारी बोली (म्हणजे ठरवलेली किमान किंमत), अनामत रक्कम, लिलावाची तारीख आणि जागा पाहण्याची मुदत स्पष्ट हवी. खपाच्या वृत्तपत्राऐवजी कोणी वाचत नाही अशा पत्रात जाहिरात देणे, अनामत अवास्तव मोठी ठेवणे, फक्त एकालाच पुरी करता येईल अशी अट घालणे, या जुन्या युक्त्या आहेत. एकच बोली आली आणि ती सरकारी बोलीला जेमतेम टेकली, तर फेरलिलावाची मागणी करावी. लिलावाच्या कागदांतील बोलीपत्रकावर प्रत्येक बोली व बोलीदार यांची नोंद असते. तीन बोलीदारांचा पत्ता एकच निघाला, तर ते संगनमताचे ठळक लक्षण आहे आणि त्याची प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे तत्काळ द्यावी.

गाळ्यांच्या भाडेपट्ट्याबद्दल थोडक्यात. कलम ९२ च्या मूळ रचनेत तीन वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा नगरपरिषद आपल्या ठरावाने देऊ शकते आणि त्या जागेवर भाडेकरूला पक्के बांधकाम करता येत नाही. त्यापुढील नूतनीकरणाला वरिष्ठांची परवानगी लागते. आपल्या प्रकरणाच्या तारखेला लागू असलेली दुरुस्ती आणि नियम कोणते, हे पाहूनच युक्तिवाद करावा. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम १७ नुसार नोंदवावा लागतो. साध्या मुद्रांकावरचे ‘करारपत्र’ दाखवून वर्षानुवर्षे चाललेले गाळे जवळपास प्रत्येक गावात सापडतील.

खरेदीखत आणि पैसा

खरेदीखतावर नगरपरिषदेतर्फे मुख्याधिकारी स्वाक्षरी करतात. त्यात शासनमंजुरीच्या आदेशाचा क्रमांक व दिनांक, ठराव क्रमांक, मोजणी नकाशाप्रमाणे चतुःसीमा आणि मंजुरीत घातलेल्या अटी शब्दशः असाव्यात. ‘विहित मुदतीत बांधकाम न केल्यास जागा परत’ अशी अट आदेशात असून खतात उतरली नाही, तर ती बजावणे पुढे अवघड होते. संपूर्ण मोबदला नगरपरिषद निधीत जमा झाल्याखेरीज ताबा दिला जाऊ नये. ताबा पावतीची तारीख आणि शेवटच्या हप्त्याच्या चलनाची तारीख शेजारी शेजारी ठेवून पाहावी.

नोंदणीनंतर तीन ठिकाणी नोंद बदलते : मिळकत पत्रिकेवर, नगरपरिषदेच्या कर आकारणी नोंदवहीत आणि स्थावर मालमत्ता नोंदवहीत. तिसरी नोंद सर्वाधिक वेळा राहून जाते, आणि मग विकलेली जागा दहा वर्षांनंतरही नगरपरिषदेच्या यादीत दिसत राहते किंवा उलट, न विकलेली जागा यादीतून गळालेली असते. विक्रीची रक्कम ही भांडवली जमा आहे. जमीन विकून आलेला पैसा पगार आणि वीजबिलात गेला, तर गावाकडे जमीनही राहत नाही आणि तिच्या बदल्यात उभे राहिलेले काहीही. फेब्रुवारीत अंदाजपत्रकाची विशेष सभा होते. त्या सभेपूर्वी अंदाजपत्रकाची प्रत मिळवून भांडवली जमेच्या बाजूला ही रक्कम कोणत्या शीर्षाखाली दाखवली आहे, आणि खर्चाच्या बाजूला ती कोणत्या कामासाठी धरली आहे, हे आपल्या नगरसेवकाला त्या दोन पानांवर बोट ठेवून विचारावे.